गजर, ब्रश, लोकल, डबा

गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या शॉर्टफिल्म स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. 'रोजच्या रहाटगाडग्यात अडकलेला माणूस' हा विषय निम्म्या पोरांनी घेतलेला. आणि सगळ्यांकडे तेच. गजर, ब्रश, उतू जाणारा चहा, लोकल, डबा, लॅपटॉप. एकेक शॉट सेकंदभराचा, खाली ठेका धरायला लावणारं संगीत. पुन्हा गजर, पुन्हा ब्रश. तिसऱ्या फेरीला रंग उडवून सगळं करडं केलं की झाला कंटाळा!

तिथे काही बोललो नाही, शाल-नारळ घेऊन परत आलो. म्हणून इथे बोलतो. असं भराभर कापलं की कंटाळा उरत नाही, गंमत होते. पडद्यावर महिना दहा सेकंदांत संपतो. खरा महिना संपता संपत नाही, हाच तर वांधा आहे.

'एल एम्प्लेओ' बघा. म्हणजे 'नोकरी'. सान्तियागो ग्रासो या अर्जेंटिनाच्या दिग्दर्शकाची २००८ची अ‍ॅनिमेशनपट्टी, सात मिनिटांच्या आत आटोपणारी. एक माणूस उठतो, आवरतो, कामाला जातो. बस, एवढीच गोष्ट. फक्त त्याच्या घरातला दिवा म्हणजे डोक्यावर शेड घेऊन उभा असलेला माणूस आहे. टेबल-खुर्चीच्या जागीही वाकलेली माणसं. टॅक्सी म्हणजे कुणाची तरी पाठ. सिग्नलला लटकलेली माणसं कोट उघडतात, आत लाल नाहीतर हिरवा रंग. संवाद नाही, संगीत नाही. रंग मळकट, मातकट.

पण खरी करामत रंगात नाही. करामत अशी की चित्राला कशाचंच नवल वाटत नाही. खुर्ची झालेल्या माणसाच्या कपाळावरचा घाम दाखवायला कॅमेरा जवळ जात नाही (मी शंभर टक्के गेलो असतो). दिवा कोपऱ्यात दिवा असावा तसा उभा. कॅमेऱ्यालाच सवय झालीये. शिवाय बसणाऱ्याचा आणि ज्याच्यावर बसलेत त्याचा चेहरा सारखाच उतरलेला, डोळे सारखेच ओघळलेले. त्यामुळे शेवटी आपला हा माणूस ऑफिसात पोचून एका दारासमोर आडवा होतो आणि साहेब त्याच्यावर बूट पुसून आत जातो, तेव्हा धक्का असा बसत नाही. अच्छा, ह्याची नोकरी ही होय, एवढंच वाटतं. हे 'एवढंच' वाटणं मला जास्त लागलं.

करड्या रंगाशिवायही हे जमतं. पोलंडच्या झबिग्न्येव रिबचिन्स्कीचा १९८०चा 'टँगो' आठवतोय? १९८३ला ऑस्कर मिळालेला. एकच खोली, कॅमेरा जागचा हलत नाही. एक पोरगा खिडकीतून आत पडलेला चेंडू घ्यायला येतो, जातो, परत येतो. मग दुसरं कुणी, तिसरं कुणी, करत करत छत्तीस माणसं आपापलं तेच ते करत राहतात. खोली दादरच्या पुलासारखी भरते, पण कुणी कुणाला धडकत नाही, कुणी कुणाकडे बघतही नाही. संगणक नसताना ही माणसं फ्रेमगणिक कापून एकावर एक छापलीयेत. कंटाळा दाखवायला केवढा तो खटाटोप! आणि आमची पोरं एक फिल्टर लावून मोकळी.

'एल एम्प्लेओ' मी बाबांना दाखवली. एकतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. लिफ्टच्या दृश्याला मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात म्हणाले, "आमच्याकडे लिफ्टमन होता रे. स्टुलावर बसायचा. आपण मजला पण सांगायचो नाही, तोच दाबायचा." मी नाव विचारलं. बराच वेळ आठवत बसले. नाही आठवलं.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. श्रेयनामावली संपल्यावर एक छोटा शॉट येतो, बरेच जण त्याआधीच बंद करतात. तो दिवा झालेला माणूस डोक्यावरची शेड काढून फेकतो आणि चालता होतो. सात मिनिटं एवढा संयम पाळल्यावर हे बंड कशाला? मला ते प्रेक्षकाची समजूत काढल्यासारखं वाटतं.

बाबांना नेमकं तेवढंच आवडलं. दोनदा मागे घेऊन बघितलं.