सत्य ज्याचं त्याचं नसतं, आणि रक्तातली साखर तर नाहीच नाही

'सत्य हे शेवटी ज्याचं त्याचं असतं' असा एक लांबलचक मेसेज सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. वर 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स', खाली हात जोडलेले इमोजी आणि मध्ये मुद्दे: जमिनीवरचा आकडा एकाला सहा दिसतो तर समोरच्याला नऊ, आंधळे आणि हत्ती, सगळं सापेक्ष आहे हे आइनस्टाइनने सिद्ध केलं, इतिहास जेत्यांचा असतो, तुकोबा म्हणून गेले की मनाला विचारा, लॅबचा रिपोर्ट हे लॅबचं सत्य आणि शरीर सांगतं ते तुमचं सत्य, आणि म्हणून कुणाला 'तू चुकतोयस' म्हणणं हा निव्वळ अहंकार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी न वाचताच सोडून दिला होता. मग कळलं की लालबागच्या माझ्या आत्याने तो वाचून साखरेची गोळी बंद केलीय. तेव्हा बसून पूर्ण वाचला, आणि आता लिहिणारच आहे, कारण 'जाऊ दे गं, एक फॉरवर्ड तर आहे' हे ऐकून ऐकून डोकं फिरलंय.

आधी रिपोर्टवाला मुद्दा घेते. बाकीचे मुद्दे वाचून फार तर कुणीतरी चहा पिताना चार वाक्यं टाकेल, पण याने माणसाचे डोळे जातात.

मेसेज म्हणतो, शरीर खोटं बोलत नाही, आकडे मात्र माणसांनी ठरवलेत, १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० ही हद्द होती, ती एका रात्रीत १२६ केली आणि धडधाकट माणसं पेशंट झाली. यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करावंच लागेल. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने १९९७ मध्ये ही हद्द खरंच १४० वरून १२६ वर आणली, आणि हो, रेषा कुठे मारायची हे माणसांनीच ठरवलं. पण का आणली ते मेसेजमध्ये कुठेच नाही. अमेरिकेतले पिमा आदिवासी, इजिप्तमधले लोक आणि अमेरिकेतले सर्वसाधारण लोक असे तीन वेगवेगळे गट तपासले होते, साखर किती आणि डोळ्याच्या पडद्याला इजा किती असं एकमेकांसमोर मांडलं, आणि दिसलं की इजा १४० ची वाट बघत थांबत नाही, त्याच्या बरीच आधी सुरू होते. म्हणून रेषा खाली आणली. म्हणजे रेषा माणसाने मारली, पण कुठे मारायची हे त्या पडद्यांकडे बघून मारली, कुणाच्या मनाला काय वाटतं ते विचारून नाही. १४० हे एकेकाळचं सत्य आणि १२६ हे आजचं सत्य असं काही नसतं, १९९६ मध्येही १३० साखर असलेल्या माणसाला धोका होताच, फक्त आपल्याला तो कळलेला नव्हता.

आणि 'शरीर सांगतं' म्हणजे नक्की काय सांगतं? साखर वाढल्याचं पहिली काही वर्षं शरीर बहुतेकांना काहीच सांगत नाही. दुखत नाही, खुपत नाही, थोडी तहान, थोडा थकवा, आणि तो तर लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला असतो. पायाच्या नसा, किडनी, डोळे आतून खराब होत असतात आणि माणूस 'मला अगदी हलकं वाटतंय' म्हणत असतो. आत्या हेच म्हणत होती. मी मशीन घेऊन गेले, ओट्यापाशी उभं राहूनच तिचं बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला, मशीनने मोजून ३१२ दाखवले, तेही सकाळी उपाशीपोटी. आत्या म्हणाली, 'अगं तुझं मशीन बिघडलंय.' म्हटलं ठीक आहे, सुई बदलली, त्याच डबीतली दुसरी पट्टी लावली, माझं बोट टोचलं, माझे आले ९४. मशीन तेच, ओटा तोच, मिनिटसुद्धा गेलं नव्हतं. घरच्या मशीनमध्ये थोडाफार फरक पडतो हे मला माहितीय, पण ९४ आणि ३१२ मधला फरक तसला नसतो. नंतर रक्ताची एचबीएवनसी ही चाचणी करून घेतली, तिला तर सहज फसवता येतच नाही, कारण लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब देते, आदल्या दिवशी गोड न खाऊन काही उपयोग होत नाही. आत्या आता गोळी घेतेय, पण कुरकुरत, कारण मेसेज तिला ज्यांनी पाठवला ते तिच्या भजनी मंडळातले आहेत आणि त्यांच्यावर तिचा विश्वास आहे.

एक गोष्ट मी मानते. दुखतंय की नाही हे ज्याचं त्यालाच कळतं, तिथे बाहेरच्याने 'एवढं काही नाहीये' म्हणणं चूकच, आणि बाईने छातीत दुखतंय सांगितलं की 'टेन्शन घेता तुम्ही' म्हणून घरी पाठवणारे डॉक्टर मी स्वतः बघितलेत, त्यामुळे लोक असल्या मेसेजकडे का ओढले जातात ते मला समजतं. पण 'मला बरं वाटतंय' हे आत्याच्या वाटण्याबद्दलचं वाक्य आहे आणि 'मला साखर नाही' हे तिच्या रक्ताबद्दलचं वाक्य आहे. पहिलं तिने सांगितलं की संपलं, तिथे तीच शेवटचा शब्द. दुसरं तिने सांगून ठरत नाही, मी सांगूनही ठरत नाही, डॉक्टरने सांगूनही ठरत नाही, ते मोजावंच लागतं. मेसेज या दोन वाक्यांची सरमिसळ करतो, आणि पुढचे सगळे मुद्दे याच सरमिसळीवर उभे आहेत.

आता तो सहा आणि नऊ. सोसायटीच्या पार्किंगमध्ये जमिनीवर असाच आकडा रंगवलेला असतो, उलट्या बाजूने बघितलं तर इंग्रजी सहाचा नऊ दिसतो, म्हणून कुणी गाडी लावून 'हा माझ्या दृष्टीने नऊच' म्हणत नाही, शेजारचे पाच आणि सात बघतो आणि समजतो.

'पण जागा बदलली की सत्य बदलतं' असं ज्यांना अजून वाटतंय त्यांनी २६ जुलै २००५ आठवावी. त्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत जेमतेम ७४. एकाच शहरात. फोर्टात ऑफिसात बसलेल्या माणसाला हा नेहमीचाच पाऊस वाटत होता आणि त्याच वेळी कुर्ला, कलिना, सायन पाण्याखाली जात होतं. म्हणून काय 'कुलाब्याचं सत्य' आणि 'सांताक्रूझचं सत्य' अशी दोन सत्यं झाली? कुलाब्यात ७४ पडला हे सांताक्रूझवाल्यासाठीही खरं आहे, सांताक्रूझला ९४४ पडला हे कुलाबावाल्यासाठीही खरं आहे, दोन्ही एकाच वेळी सगळ्यांसाठी खरं आहे. चुकला असेल तर तो, ज्याने खिडकीतून बघून 'मुंबईत काही विशेष पाऊस नाही' असं ठरवलं. आणि तो चुकला असं म्हणण्यात अहंकार कसला, त्या दिवशी माणसं वाहून गेली.

हत्तीच्या गोष्टीवर फार वेळ घालवत नाही. सोंड, कान, शेपूट, प्रत्येकाच्या हाताला एकेक भाग लागला हे खरं, पण गोष्ट सांगणाऱ्याला तो हत्ती आहे हे माहितीय म्हणून तर गोष्ट आहे. जैनांचा अनेकान्तवाद या गोष्टीवरून समजावतात, तोही 'या बाजूने बघितलं तर असं आहे' एवढंच म्हणतो, 'हत्ती म्हणजे दोरीच आहे, माझं मत आहे, आदर ठेवा' असं नाही म्हणत.

आइनस्टाइनवर मात्र थांबायला हवं, कारण हे नाव टाकलं की लोक गप्प होतात. त्याने १९०५ मध्ये दाखवलं की वेगाने जाणाऱ्या दोघांची घड्याळं आणि मोजपट्ट्या जुळणार नाहीत. पण त्याच सिद्धांताचा पाया असा की प्रकाशाचा वेग दोघांनाही तंतोतंत सारखाच सापडणार, आणि एकाच्या मापावरून दुसऱ्याचं माप काढायचं सूत्रही त्यात आहे, त्यात कुणाच्या मताला जागा नाही. सॅटेलाइटचा वेग आणि तिथलं कमी गुरुत्वाकर्षण या दोन्हींचा आइनस्टाइनच्याच सूत्रांनी हिशोब केला तर जीपीएसच्या सॅटेलाइटमधली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या मानाने रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात, ते दुरुस्त करतात म्हणून टॅक्सी आपल्या गेटपाशी येते.

शिवाय आइनस्टाइनला स्वतःला काय वाटत होतं हे शोधायला फार लांब जायला नको. १४ जुलै १९३० ला बर्लिनजवळ कापुथच्या त्याच्या घरी रवींद्रनाथ टागोर गेले होते आणि दोघांचं बोलणं नेमकं याच विषयावर झालं, ते छापलेलं आहे. आइनस्टाइनचं म्हणणं, सत्य माणसावर अवलंबून नसतं, घरात कुणी नसलं तरी टेबल जिथे आहे तिथेच राहतं, आणि हे मला सिद्ध करता येत नाही पण ही माझी श्रद्धा आहे. म्हणजे मेसेज ज्याच्या नावावर हा मुद्दा खपवतोय तो माणूस बरोबर उलट बाजूला उभा आहे. रवींद्रनाथ मेसेजच्या जवळच्या बाजूला होते, ते सत्य हे मानवी सत्यच असतं म्हणत होते, हे लपवायचं कारण नाही. पण तेही विश्वमानवाच्या मनाबद्दल बोलत होते, एकेकट्या माणसाच्या मर्यादा आणि भ्रम ओलांडून सगळ्या मानवजातीला जे सत्य ठरतं त्याबद्दल. 'तुझं तुला, माझं मला' हे त्या खोलीत दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. त्या प्रश्नाचा निकाल लागलाय असं माझं म्हणणं नाही, तो खरंच अवघड आहे, पण अवघड प्रश्न असा चुरगळून लोकांच्या औषधाच्या डब्यापर्यंत पोचवू नका.

इतिहास जेत्यांचा? पानिपतला आपण हरलो आणि हरल्याच्या बखरी आपणच लिहिल्या, 'दोन मोती गळाले' हा निरोप आजही आपल्याकडे पाठ आहे. जेते फुगवून लिहितात हे खरंय, आणि फुगवलंय हे आपल्याला कळतं ते इतर कागद ताडून बघता येतात म्हणूनच.

आता 'चुकतोयस म्हणणं हा अहंकार'. यावर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटवरून रोज जाणाऱ्यांना तरी उत्तर माहीत हवं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन या जंतुशास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी पुढे आले. पुढे हजारो लोकांनी घेतली. आणि ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे १९ एकाच बाटलीतले. सरकारने चौकशी नेमली, चौकशीने बोट तेव्हा जिथे लस बनत होती त्या परळच्या लॅबकडे दाखवलं आणि हाफकिनच्या हातून काम गेलं. सरकारचं मत ठरलं होतं, लोकांचं ठरलं होतं, परदेशातून आलेल्या एका ज्यू माणसाच्या बाजूने बोलायला तेव्हा फार कुणी नव्हतं.

मग त्याला कशाने सोडवलं? कागदांनी. त्याच दिवशी त्याच गावात उघडलेल्या दुसऱ्या बाटल्यांतून कुणाला काही झालं नव्हतं, आणि गावात ती बाटली उघडताना मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता, हे नोंदींत होतं. मातीत धनुर्वाताचे जंतू असतातच. मलेरियाचं नोबेल मिळालेल्या रोनाल्ड रॉसने १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समधून हे प्रकरण जाहीरपणे लावून धरलं, इतर शास्त्रज्ञ उभे राहिले, आणि त्या वर्षअखेरीस हाफकिन दोषमुक्त झाला. पाच वर्षं गेली. १९२५ मध्ये परळच्या लॅबला त्याचं नाव दिलं.

मेसेज लिहिणाऱ्याने मला सांगावं की 'सरकारचं सत्य सरकारचं, हाफकिनचं सत्य हाफकिनचं' असं धरलं तर हा माणूस सुटला कसा असता? चिमटा पडला होता की नव्हता हे कुणाच्या मतावर नव्हतं, म्हणूनच सुटला. ज्याच्या हातात सत्ता आहे, पैसा आहे, मोठा ग्रुप आहे, त्याला 'ज्याचं त्याचं सत्य' परवडतं, कारण शेवटी त्याचंच चालणार असतं. एकट्या पडलेल्या माणसाकडे 'हे असं घडलंय, येऊन तपासा' याखेरीज दुसरं काहीच नसतं, आणि मेसेज नेमकं तेच त्याच्याकडून काढून घेतोय. चांगल्या मनाने, हात जोडून काढून घेतोय, म्हणून जास्त राग येतो.

राहिले तुकोबा. मेसेजमध्ये 'सत्य असत्यासी मन केलें ग्वाही' एवढंच छापलंय आणि पुढे 'म्हणजे तुमचं मन म्हणेल ते सत्य' असा अर्थ लावलाय. आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ही ओळ पुढे कशी जाते ते माहितीय: 'मानियेलें नाहीं बहुमता'. सत्य जर मतांवर ठरत असतं, तर मतं जिथे जास्त तिथे जास्त सत्य, आणि मग बहुमत नाकारायला तुकोबांना आधार कशाचा होता? सगळा गाव एका बाजूला असताना तुकोबा 'नाही मानत' म्हणू शकले, कारण सगळ्या गावाला वाटलं तरी असत्याचं सत्य होत नाही हे त्यांनी धरून ठेवलं होतं. भजनी मंडळाच्या ग्रुपवर पाठवणाऱ्यांनी अभंग तरी पूर्ण टाकायला हवा होता.