काका, त्या बिघडलेल्या पत्राबद्दल

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड (प्रोग्रॅमचा लिहिलेला मजकूर) कोणालाही वाचता येतो अशा सॉफ्टवेअरवरचा माझा लेख वाचून तुम्ही बडोद्यात रावपुऱ्यातल्या ऑफिसात एका जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आणि वर्डऐवजी लिबरऑफिस टाकून घेतलंत. पहिल्याच दिवशी एका पत्रातलं टेबल घसरून दुसऱ्या पानावर गेलं आणि एक मराठी पत्र उघडलं तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. अर्धा दिवस वाया गेला. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘फुकटच्या मालाला वाली नसतो. बिघडलं तर फोन कोणाला करायचा? आणि ज्याचा कोड चोरालाही वाचता येतो, त्यावर मी क्लायंटचे हिशेब ठेवू?’ तुमचा राग रास्त आहे. लेखात मी फायदे भरभरून लिहिले आणि अडचणी गाळल्या, हे माझं चुकलंच.

टेबलाचं आधी सांगते. पत्र बहुधा वर्डमध्ये कॅलिब्री फॉन्टात केलेलं असणार. तो फॉन्ट मायक्रोसॉफ्टचा, लिनक्ससोबत येत नाही. मग त्याच्या जागी दुसरा फॉन्ट बसतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि टेबल खाली ढकललं जातं. कार्लिटो नावाचा फॉन्ट टाकून बघा, त्यातली अक्षरं कॅलिब्रीइतकीच रुंद ठेवलेली आहेत. तरीही किचकट टेबलं आणि मॅक्रो (फाइलमध्ये साठवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञा) जसेच्या तसे येतीलच, अशी खात्री मी देणार नाही. ज्या पत्रात पुढे बदल करायचा नाही, ते पीडीएफ करूनच पाठवा.

मराठी पत्राचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि तो दोष लिबरऑफिसचा नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सर्रास वापरात येण्याआधी आपल्याकडे मराठी टाइप करायचे ते फॉन्टच्या करामतीने. फाइलमध्ये साठवलेली अक्षरं इंग्रजीच असायची, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचे आकार चढवायचा. तो फॉन्ट काढून घेतला की उरते ती खिचडी. हेच पत्र तो फॉन्ट नसलेल्या कोणत्याही कॉम्प्युटरवर, अगदी विकतच्या वर्डमध्ये उघडलंत, तरी असंच दिसेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाने यात हात पोळून घेतले आहेत. 1999 ची गणेशोत्सवाची स्मरणिका आम्हाला पुन्हा छापायची होती. फाइली सीडीवर शाबूत होत्या. पण ज्या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली होती ते डोंगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरला जोडायच्या किल्लीवजा छोट्या डबीशिवाय, उघडायचं नाही, आणि तो डोंगल लागायचा प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला. नव्या कॉम्प्युटरला तसा पोर्टच नाही. कंपनीला फोन केला, म्हणजे वाली होता हो काका, पैसे मोजून घेतलेला. उत्तर आलं, ती आवृत्ती बंद झाली, नवी विकत घ्या. नवीत जुन्या फाइली उघडतील का, याची हमी द्यायला मात्र कोणी तयार नव्हतं. त्या 64 पानांत माझ्या आजीचा एकुलता एक छापून आलेला लेख होता, वाड्यातल्या चुलीवरच्या स्वयंपाकावर. लिहिलेलं आमचं, टाइप केलेलं आमच्या पोरांनी, आणि कुलूप दुसऱ्याचं.

शेवटी छापील प्रत स्कॅन केली आणि टेसरॅक्टकडून वाचून घेतली. छापलेली अक्षरं ओळखणारा हा प्रोग्रॅम एचपी कंपनीत जन्मला आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्याला मराठीही वाचता येतं. चुका होत्या. ‘घ’ चा ‘ध’ व्हायचा, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा. तिघींनी बसून मुद्रितं तपासली. पण आज ती पानं युनिकोडमध्ये आहेत, मुक्ता या खुल्या फॉन्टात छापलेली, आणि उद्या लिबरऑफिस बंद पडलं तरी ती उघडता येतील. फाइल कशी रचायची याचे नियमच जगजाहीर आहेत, कोणीही दुसरा प्रोग्रॅम लिहू शकतो.

माझ्या लेखी ओपन सोर्सचा अर्थ एवढाच आहे. पैसे न पडणं हा वरचा फायदा. खरा हक्क आहे तो आतलं उघडून बघण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि ती दुरुस्ती दुसऱ्याला देण्याचा. अमेरिकन प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये सर्वांना वापरता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागेही असाच एक अनुभव होता. लॅबमधला नवा लेसर प्रिंटर अडकायचा, त्यांना त्याचा प्रोग्रॅम सुधारायचा होता, आणि कोड कोणी देईना.

आता फोनचा प्रश्न. लिनक्सचा कोड लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर आहेत. रेड हॅटचा तर धंदाच खुल्या सॉफ्टवेअरची देखभाल विकण्याचा, आणि 2019 मध्ये आयबीएमने ती कंपनी 34 अब्ज डॉलरला घेतली. म्हणजे फोन उचलणारे आहेत, ते पैसे घेतात. तुमच्या सहा कॉम्प्युटरांच्या ऑफिससाठी बडोद्यात असा भरवशाचा माणूस शोधावा लागेल, आणि तो सहज मिळत नाही, हेही खरं. पण आपल्या बाजारात विंडोजची चोरलेली कॉपी बिनदिक्कत टाकून देतात, तिला कोणता वाली असतो? तिच्यासोबत काय काय आत शिरतं, ते कोणी बघत नाही.

चोराची भीती मी उडवून लावणार नाही. 2014 मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही खोट सापडली. ती दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि सांभाळणारी माणसं मूठभर. कोड उघडा असला म्हणून कोणी तो वाचतोच असं नाही. पण 2024 चा मार्चही आठवा. लिनक्सवर फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड नावाच्या छोट्या खुल्या प्रोग्रॅममध्ये एकाने दोन वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला जाणवलं की लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तेवढ्यावरून तो खोदत गेला आणि चोरी उघडी पडली, बहुतेक सर्व्हरांपर्यंत ती पोचायच्या आत. कोड बंद असता तर त्याला खोदायला जागाच नव्हती. तुमचा फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्यातही लिनक्सच आहे, आणि त्यावरून तुम्ही बँकेचे व्यवहार करताच.

टॅलीसाठी मात्र विंडोज सोडू नका. टॅली लिनक्सवर सरळ चालत नाही, आणि मार्चअखेरीला असले प्रयोग करायचे नसतात. पत्रव्यवहारासाठी लिबरऑफिस विंडोजवरच टाका, एकाच कॉम्प्युटरवर, महिनाभर.

आणि एक विनंती. ते मराठी पत्र ज्या कॉम्प्युटरवर टाइप झालं, तो अजून असेल तर भंगारात देऊ नका. त्या फॉन्टची फाइल त्यातच आहे. फॉन्टचं नाव मला कळवा, म्हणजे त्यातली अक्षरं युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर शोधता येईल. पत्रं किती आहेत तेही सांगा.