चोर सोडून प्रीस्टला फाशी

ऑनलाइन खेळात हीलर हवाय हो सगळ्यांना. चॅट उघडावं तेव्हा कुणीतरी बोंबलत असतं: टँक आहे, तिन्ही डीपीएस आहेत, हीलरवाचून घोडं अडलंय. बरं, म्हणून आपण जावं, तर पहिल्याच वाइपला, म्हणजे सगळा गट मेला की, त्याच तोंडातून 'नूब हीलर' बाहेर पडतं. म्हणजे यांना हीलर नकोय, आईच्या पोटातच शिकून आलेला अभिमन्यू हवाय. त्याने शिकायचं कुठे आणि कुणाबरोबर, ते मात्र विचारायचं नाही.

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये होली प्रीस्ट नावाचा हीलर खेळायला शिकतेय. ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या मोहिमेच्या जागेत, पाच जण जातात. टँक एक, तो मार खातो. डीपीएस तिघं, ते मार देतात. आणि हीलर एक, तिने बाकीच्या चौघांना जिवंत ठेवायचं, जमलंच तर स्वतःलाही. २००९ च्या डिसेंबरात डंजन फाइंडर आला आणि बटण दाबलं की अनोळखी चौघं समोर उभे राहायला लागले. त्याआधी निदान एकाच सर्व्हरवरचे लोक असायचे. उद्या पुन्हा याच माणसाशी गाठ पडणार, या भीतीने तरी तोंड आवरायचे. आता कोण कुठला, डंजन संपलं की कायमचा गायब, मग जिभेला हाड कशाला ठेवायचं?

डीपीएस रांगेत ताटकळतात आणि हीलरला बटण दाबताच बोलावणं येतं. २०११ पासून तर ज्या कामाला माणूस मिळत नसेल ते काम करणाऱ्याला गेम वरून बक्षिसाची थैली देतो. लाच देऊन माणसं आणावी लागतात, तरी कुणाच्या डोक्यात येत नाही की का येत नाहीत बुवा ही माणसं.

मी सांगते का येत नाहीत.

लेव्हल वाढवता वाढवता हीलिंग आपोआप येतं, असं जो तो सांगतो. साफ खोटं. खालच्या लेव्हलच्या डंजन्समध्ये टँकला खरचटतसुद्धा नाही. डेडमाइन्समध्ये मी नुसती मागे मागे फिरत होते. बरं करायला कुणी नाही, म्हणून अधूनमधून एखाद्या गुंडावर स्माइट टाकायचा आणि मॅनाची, म्हणजे मंत्रांना लागणाऱ्या शक्तीची, निळी पट्टी काठोकाठ भरलेली बघत बसायचं. माणसाला वाटणारच की जमतंय आपल्याला. मग वरची लेव्हल गाठून मिथिक, म्हणजे अवघड, डंजनमध्ये पाऊल टाकलं की डोळ्याची पापणी लवेपर्यंत टँकचा जीव शंभर टक्क्यांवरून तीसवर. मधल्या पायऱ्या कुठे आहेत? नाहीतच.

एकदा प्रयत्न झाला होता, नाही असं नाही. २०१३ मध्ये प्रूव्हिंग ग्राउंड्स आणले. व्हाइट टायगरच्या मंदिरात संगणकाचे चार भिडू मिळायचे आणि त्यांना जगवत लाटांवर लाटा काढायच्या. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. २०१४ मध्ये वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर ही खेळाची नवी आवृत्ती आली तेव्हा तिथलं सिल्व्हर मिळवल्याशिवाय हिरोइक डंजनच्या रांगेत नाव लागत नव्हतं. लोकांनी कटकट केली, पुढे ती अट गेली. जानेवारी २०२४ मध्ये फॉलोअर डंजन्स आली. तिथेही संगणकाचे भिडू, पण फक्त नॉर्मल पातळीवर. ते भिडू शहाणे आहेत, शिव्या देत नाहीत, मतं घेऊन गटातून हाकलतही नाहीत. पण अडचण नेमकी तीच आहे. मला बटणं कधीच कळली. शिकायचं आहे ते चार माजलेल्या माणसांना जिवंत ठेवणं, आणि तो सराव माणसांशिवाय होत नाही.

आता जरा हिशेब करू. प्रत्येक मंत्र सुरू केला की मूळ १.५ सेकंदाचा ग्लोबल कूलडाउन, तेवढ्यात दुसरा मंत्र नाही. फ्लॅश हील १.५ सेकंदाचा. स्वस्तातला हील २.५ सेकंदांचा. हेस्ट, म्हणजे मंत्रांचा वेग, वाढला की हे आकडे थोडे उतरतात, पण सुरुवातीला हेस्ट असतो कुणाकडे? म्हणजे पाची जणांना एकाच वेळी लागलं आणि प्रत्येकाला एकेक फ्लॅश हील द्यायचा म्हटलं, तरी पाचव्याला तो मिळायला साडेसात सेकंद उलटतात. हे सगळं मी हलले नाही तर, कारण फ्लॅश हील म्हणताना पाय हलला की मंत्र तुटतो. आणि पायाखाली काही पेटलं की हलावंच लागतं. तरी लगेच प्रश्न येतो, 'हील???' तीन प्रश्नचिन्हं. एवढी टायपायला याला वेळ आहे, आगीतून दोन पावलं बाजूला व्हायला नाही.

मिस्ट्स ऑफ टिर्ना स्किथ नावाचं एक डंजन आहे, शॅडोलँड्स या आवृत्तीतलं, २०२० चं. २०२४ मध्ये ते मिथिक प्लसच्या, म्हणजे आणखी अवघड डंजन्सच्या, यादीत परत आलं, तेव्हाची गोष्ट. सुरुवातीलाच ड्रस्ट हार्वेस्टर नावाचे राक्षस असतात. ते हार्वेस्ट इसेन्स हा मंत्र सुरू करतात आणि मधेच तोडला नाही तर जीव शोषत राहतात. तोडणं म्हणजे किक. आमच्यात एक रोग, म्हणजे चोरट्या जातीचा भिडू, होता. त्याची किक १५ सेकंदांनी परत तयार होते. मेजकडे, म्हणजे जादूगाराकडे, त्याच कामाचा काउंटरस्पेल. टँक वॉरियर, त्याच्याकडे पमेल. माझ्याकडे काय? काहीच नाही. होली प्रीस्टला इंटरप्टच, म्हणजे दुसऱ्याचा मंत्र तोडायची सोयच, नसते हो! गेमनेच दिलेला नाही. टँकने दोन टोळ्या एकत्र ओढल्या, दोन हार्वेस्टरांनी एकदम शोषायला सुरुवात केली आणि ही तिन्ही बहाद्दर मंडळी आपापले आकडे वाढवण्यात दंग. मी सेरेनिटी वापरला. सँक्टिफाय वापरला. तीन मिनिटांनी एकदा मिळणारा गार्डियन स्पिरिट टँकवर खर्च केला. मेज लाल वर्तुळात उभा राहून पायरोब्लास्टची तयारी करत होता. जीव वाचवणारा आइस ब्लॉक त्याच्या बटणावर तसाच. तिसऱ्या डीपीएसने, वॉरलॉकने, सुरुवातीला सगळ्यांना जीव भरून काढणारे हेल्थस्टोन वाटले होते, एकाने तो खाल्ला असेल तर शपथ. मेज गेला, मग रोग, मग वॉरलॉक. टँक शेवटी पडला आणि पडल्या पडल्या त्याने लिहिलं, 'हीलर डिफ'. भावार्थ असा की हीलर बरा असता तर जमलं असतं.

नंतर मी कुणी काय केलं ते मोजणारा मीटर उघडून बघितला. रोगच्या नावापुढे किक किती? शून्य. मी तो आकडा चॅटमध्ये टाकला. उत्तर आलं, 'लोल'. आणि तो निघून गेला. आमची की, म्हणजे मिथिक प्लस डंजनची किल्ली, बुडाली.

हीच खरी गोम आहे. डीपीएसचं काम सगळ्यांना दिसतं, रंगीत पट्ट्यांमध्ये, मोठ्यातल्या मोठ्या आकड्यात. टँकचं काम दिसतं, कारण तो सगळ्यांच्या पुढे असतो. हीलरचं काम चांगलं झालं तर काहीच घडत नाही. कुणी मरत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. जे दिसतं ते फक्त मरण, आणि मरण आलं की बोट माझ्याकडे. खेळाच्या डेथ रिकॅपमध्ये शेवटचे फटके स्वच्छ लिहून येतात, कशाने मेलास ते. पण ते उघडून वाचायचं कुणी? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि आमच्यात तर संन्यासीण सफेद झग्यात आयतीच उभी असते.

मॅनाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण बोलतेच. दोन लढायांच्या मध्ये बसून मेजने काढून दिलेले बन खायचे, मग मॅना भरतो. अगदी थोडे सेकंद लागतात. टँकला ते थोडे सेकंद मानवत नाहीत. माझी निळी पट्टी स्क्रीनवर त्यालाही दिसते. मी बसलेली दिसते. हातात बन दिसतो. तरी हा गडी पुढच्या टोळीवर धावत सुटतो, आणि नुसता धावत नाही, कोपरा वळून धावतो. हीलची पोच ४० यार्ड, मधे भिंत आली तर तीही नाही. म्हणजे बसून राहिले तर हा मरतो. उठले तर मॅना नाही. धावत जाऊन हील टाकला तर हीलिंगचा थ्रेट, म्हणजे राक्षसांचा राग, माझ्या नावावर चढतो, आणि टँकने न आवरलेले दोन-चार राक्षस तडक माझ्याकडे येतात. माझ्या अंगावर काय, तर कापड. राक्षसांचं लक्ष उडवणारा फेड मंत्र म्हणायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

एवढ्यावर भागत नाही. आता हीलरने डॅमेजही करायला हवा म्हणे. 'हीलर, तुझा डीपीएस फारच कमी आहे.' अरे बाबा, तू वर्तुळात उभा राहायचं थांबव, माझे ते दीड-दीड सेकंद वाचतील आणि तेवढे होली फायर मी तुझ्या राक्षसावर टाकीन. अनुभवी लोक करतात, मान्य आहे. कारण त्यांच्याबरोबर अनुभवी लोकच असतात.

गंमत सांगते. होली प्रीस्ट मेला की तो स्पिरिट ऑफ रिडेम्प्शन होतो. १५ सेकंद देवदूताचं रूप. तेव्हा त्याला कुणी मारू शकत नाही आणि कुठल्याही हीलिंगला मॅना लागत नाही. हे ज्याने बनवलं त्याने आधी स्वतः हीलिंग केलेलं असणार. संपूर्ण डंजनमध्ये मला निवांत काम करू देणारे तेवढेच १५ सेकंद, आणि त्यासाठी मला मरावं लागतं.

हे डंजन दिसतं कसं, ते मला विचारू नका. मिस्ट्समध्ये म्हणे सुंदर जंगल आहे, धुकं आहे, चमकणारी झाडं आहेत. मी पाच चौकटी बघते. व्हूडू अॅडऑनमध्ये हिरव्या पट्ट्यांच्या पाच चौकटी, त्यांच्यावर माउस, आणि जी चौकट रिकामी होतेय तिच्यावर बटण. डोळ्याच्या कडेने खालची जमीन. बॉसचं तोंड मी यूट्यूबवर बघितलं.

त्यात आम्ही भारतात बसून युरोपातल्या सर्व्हरवर खेळणारे. तिकडे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा. घर झोपलेलं, हेडफोनचा माइक ओठाला चिकटवून कुजबुजत बोलायचं, कारण बाबा पाणी प्यायला उठले तर 'अजून चालूच आहे का तुझं?' हे ठरलेलं. आणि पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचायला लागणारा वेळ! मी पट्टी खाली जाताना बघते तोवर तिकडे ती आधीच खाली गेलेली असते. डीपीएसला एक फटका उशिरा लागला तर आकडा जरासा घटतो. माझा हील उशिरा पोचला तर समोर प्रेत असतं.

व्हॉइस चॅटवर माझा आवाज ऐकून एका महाभागाने विचारलं होतं, मुली हीलरच का खेळतात? त्याला मी त्याचा मीटरवरचा क्रमांक सांगितला. चौथा. माझ्या खाली.

जुने लोक सांगतात, एव्हरक्वेस्टमध्ये याहून हाल होते. १९९९ चा खेळ तो. क्लेरिकचा, म्हणजे तिथल्या हीलरचा, कम्प्लीट हील म्हणायलाच १० सेकंद लागायचे, म्हणून रेडमध्ये, म्हणजे मोठ्या गटाच्या मोहिमेत, क्लेरिक ओळीने उभे राहून एकामागून एक ठरलेल्या अंतराने तो सोडायचे. कंटाळवाणं काम असेल, नाही म्हणत नाही. पण तिथे क्लेरिकवाचून पान हलत नाही हे सगळ्यांना कळत होतं, आणि एक चुकली तर सावरून घ्यायला शेजारी दुसरी क्लेरिक होती. पाच जणांच्या डंजनमध्ये माझ्या शेजारी कोण आहे? गिल्ड वॉर्स टू या दुसऱ्या खेळावाले तर २०१२ मध्ये हीलर ही भानगडच नको म्हणून निघाले होते. २०१५ मध्ये रेड आणले आणि हीलर मागच्या दाराने परत आले. ज्याला त्याला हीलर काढून टाकायचाय, आणि निभत कुणाचंच नाही.

काही जण म्हणतील, गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, शोध, ओळखीच्यांबरोबर खेळ. शोधली की. 'हीलर्स हवेत' अशी जाहिरात होती. विचारलं तर म्हणाले, मिथिक प्लसचा अमुक इतका स्कोअर असेल तर ये. स्कोअर कशाने होतो? की पूर्ण केल्याने. की कोण पूर्ण करू देतं? ज्यांच्याकडे आधीच स्कोअर आहे त्यांनाच लोक ग्रुपमध्ये घेतात. अनुभव असेल तरच नोकरी, असं म्हणणाऱ्या एचआरवाल्यांवर दिवसभर चिडायचं आणि रात्री खेळातही तेच ऐकायचं.

तेव्हा आता मी ग्रुपमध्ये शिरल्या शिरल्या स्वच्छ लिहिते: नवी हीलर आहे, मॅना बघून पुढे चला, किक वापरा, हेल्थस्टोन खा. कुणाला पटत नसेल तर त्याने तिथेच बाहेर पडावं, पुन्हा रांगेत उभं राहावं आणि पुढचा हीलर मिळेपर्यंत टाचा घासाव्यात. मला काय, मला दुसरा ग्रुप लगेच मिळतो. आणि जो टँक हे वाचूनसुद्धा माझा मॅना दहा टक्क्यांवर असताना कोपरा वळून पळेल, त्याने मेल्यावर 'हील???' लिहायचे कष्ट घेऊ नयेत. मी बन खातेय.