डी व्हिटॅमिन आणि गच्चीची किल्ली

रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी’ असं काहीतरी लांबलचक लिहिलं होतं आणि पुढे ठळक ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "उन्हात जाता का?"

ऐन एप्रिलमध्ये पुण्याच्या माणसाला हा प्रश्न! आम्ही जन्मभर ऊन चुकवायलाच शिकलो. टोपी, स्कार्फ, सनकोट, हातमोजे. सिग्नलला शेजारी थांबलेली स्कूटरवाली आपली बायको आहे, हे ती ओरडल्यावरच कळतं.

"सकाळी कोवळ्या उन्हात बसतो की!"

"बसा, मनाला बरं वाटेल. डी मिळणार नाही."

सूर्य खाली असला की कामाचे अतिनील किरण वातावरणातच अडकतात म्हणे. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडली, तरच ते ऊन उपयोगाचं. थोडक्यात, ज्या वेळी बाहेर पडलं की आजी "मेल्या, भोवळ येऊन पडशील" म्हणायची, नेमकं तेव्हाचं. खिडकीत बसूनही भागत नाही, काच ते किरण अडवते.

बरं, ऊन अंगावर पडलं की लगेच व्हिटॅमिन तयार, असंही नाही. हे प्रकरण सरकारी फायलीसारखं फिरतं. त्वचेत कोलेस्टेरॉलच्या जातकुळीतला एक पदार्थ असतो, त्यापासून कच्चा मसुदा होतो. तो यकृताकडे जातो, तिथे पहिली सही. रक्ततपासणीत मोजतात ती हीच प्रत. मग मूत्रपिंडाची अंतिम सही, आणि त्यानंतर कुठे आतड्याला आदेश सुटतो की अन्नातलं कॅल्शियम नीट शोषून घ्या. आदेश नसेल तर आतडं १०-१५ टक्क्यांवर काम उरकतं. लहानपणी नाक दाबून मला पाजलेल्या दुधाचं काय झालं असेल, या विचाराने जीव हळहळला.

गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. "सोलर का टाकी?" त्यांनी रजिस्टर उघडलं. "ऊन खायचंय." त्यांनी ‘कारण’च्या रकान्यात ‘वैयक्तिक’ लिहिलं आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

वर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी साड्या अंथरून कुरडया घातलेल्या. मी बाह्या दुमडून उभा राहिलो. सावळ्या कातडीला वेळ जास्त लागतो, त्यामुळे उभं राहणं लांबतं.

"नुसता उभा आहेस ना? मग कावळे हाकल," काकू म्हणाल्या आणि खाली जाऊन झोपल्या.

डॉक्टरांनी ६०,००० युनिटची पुडीही दिली होती. आठवड्यातून एकदा, तीही दुधातून, कारण हे स्निग्धात विरघळणारं व्हिटॅमिन. जास्त घेतली तर रक्तात कॅल्शियम नको तितकं चढतं, म्हणून मनाने वाढवायची नाही. काकूंनाही तीच पुडी होती. त्यातलं डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात, हे मी त्यांना सांगितलं. कट्टर शाकाहारी काकू विचारात पडल्या. "मेंढी जिवंत राहते ना? मग चालेल."

खाण्यातून मिळवायचं तर बांगडा, तारली, थोडंफार अंड्याच्या बलकात. आमच्या सोसायटीत बांगडा तळला तर पुढच्या सभेत ठराव येईल. उरले मशरूम. चिरून उन्हात ठेवले की त्यांच्यातही डी तयार होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ताटभर मशरूम घेऊन वर गेलो.

काकू त्या दिवशी साबुदाण्याच्या चिकवड्या घालत होत्या. "हे आळंबं माझ्या उपासाच्या वाळवणाला लागलं तर? तिकडे ठेव!" म्हणत त्यांनी मला आणि ताटाला टाकीमागे पाठवलं. गच्चीत तेवढ्याच जागी भरदुपारी सावली असते.