कमी झोपेची सवय होत नाही: डिलिव्हरीवाल्यांच्या त्या मेसेजला उत्तर

काही दिवसांपूर्वी रात्री पावणेबाराला भाच्याने मला एक मेसेज पाठवला. डिलिव्हरीच्या कामात तब्येत आणि घर दोन्ही कसं सांभाळायचं, याचे मंत्र. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, वाच हे. आईलाही सांग, उगाच काळजी करत बसते." हाच मेसेज त्याआधी दोन ग्रुपवर येऊन गेला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. या वेळी वाचला आणि संताप आला. भाचा दीड वर्षापासून दुचाकीवर डिलिव्हरी करतो. मी स्वतः नऊ वर्षं पार्सलची व्हॅन चालवली आहे. मला गप्प बसवत नाही.

मेसेज थोडक्यात असा: या कामात डोक्यावर साहेब नाही, वेळ तुमचा. व्यायाम आपोआप होतो. पाणी कमी प्या, म्हणजे मध्ये थांबावं लागत नाही. झोप ही नुसती सवय आहे, पाच तासांवर शरीर महिन्याभरात रुळतं. तरुण वयात रोज चौदा तास केले तरी काही बिघडत नाही. राहिलेली झोप सुट्टीच्या दिवशी भरून काढा.

झोपेपासून सुरुवात करतो, कारण माणूस जिवानिशी जातो तो यातच.

शरीर रुळत नाही. रुळल्यासारखं वाटतं, आणि धोका आहे तो त्या वाटण्यातच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली याच प्रश्नावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. २१ ते ३८ वयाची ४८ धडधाकट माणसं घेतली. तीन गटांना सलग १४ दिवस रात्री आठ, सहा आणि चार तास झोपायला दिलं, आणि तुलनेसाठी एका गटाला तीन रात्री जागंच ठेवलं. जागेपणी दर दोन तासांनी त्यांचं लक्ष तपासलं. त्यातली मुख्य चाचणी अगदी साधी: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. सहा आणि चार तास झोपणाऱ्यांचं लक्ष रोज थोडं थोडं घसरत गेलं. दोन आठवडे संपेपर्यंत ते इतकं घसरलं की एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसासारखी त्यांची गत झाली. पण "झोप येतेय का?" असं विचारल्यावर त्यांची उत्तरं पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. लक्ष घसरतंय आणि ज्याचं घसरतंय त्याला पत्ता नाही.

म्हणून "मला सवय झालीये" या वाक्याचा मला धसका आहे. ते मी स्वतः म्हटलेलं आहे. पार्सलच्या हंगामात सलग पाचवा आठवडा, रोज पहाटे चारला उठणं. दुपारी तीनचा सुमार, सरळ रस्ता, डिलिव्हरीची यादी शेजारच्या सीटवर. अचानक चाकाखाली खडी करकरली. गाडी डांबरावरून खाली उतरली होती. ब्रेक दाबून उभा राहिलो, मागे वळून पाहिलं, तर एक छोटा पूल ओलांडून आलो होतो आणि तो मला आठवतच नव्हता. डोळे मिटल्याचंही जाणवलं नव्हतं. त्याच दिवशी सकाळी मी बायकोला म्हणालो होतो, "आता सवय झालीये."

हिशेब साधा आहे. साठच्या वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी ५० मीटर विनाचालक जाते. माझ्याभोवती निदान पत्रा होता. भाच्याच्या डोक्यावर फक्त हेल्मेट आहे.

पाण्याबद्दल लिहिताना हात थरथरतो. बहीण सांगते, सकाळी भरून नेलेली लिटरची बाटली रात्री निम्म्याहून जास्त भरलेलीच परत येते. त्याला विचारलं तर म्हणाला, "जायचं कुठे, मामा? इमारतीत वापरू देत नाहीत, आणि थांबलो की ऑर्डर लेट." त्याची अडचण शंभर टक्के खरी आहे. या कामातल्या मुलींची तर त्याहून मोठी. पण म्हणून पाणीच पिऊ नका? उन्हात हेल्मेट घालून घाम गाळणाऱ्याला हा सल्ला देणं म्हणजे त्याला मुतखडा आणि लघवीचा संसर्ग यांच्या वाटेला लावणं आहे. डोकं दुखतं आणि लक्ष उडतं ते वेगळंच. माल देणाऱ्या दुकानाने आणि घेणाऱ्या इमारतीने शौचालय वापरू द्यावं, अशी मागणी करणारा एक मेसेज पसरवला असता तर मीही तो पुढे पाठवला असता.

व्यायामाचं म्हणाल तर जिने चढणं होतं, ते कबूल. पण दहा तास खड्ड्यांतून गाडी हाकून कमरेला आणि मनगटाला जे धक्के बसतात, त्याला कोणी व्यायाम म्हणत नाही.

साहेब नाही हे अर्धं खरं आहे, आणि ते मी नाकारणार नाही. मुलाच्या शाळेत जायचंय म्हणून दुपारी लॉगआउट करता येतं. माझ्या नोकरीत मला ते कधीच जमलं नाही. पण इन्सेंटिव्हचा, म्हणजे जादा पैशांचा, टप्पा चार ऑर्डरवर आला असताना लॉगआउट करून दाखवा. ऑर्डर नाकारल्या की ॲपवरचा आयडी बंद तर होणार नाही ना, ही धाकधूक कायम असतेच. मोबाईलमधला हा साहेब घरी जेवतानाही समोरच असतो.

आता चौदा तास. आठवड्यात सहा दिवस धरले तर ८४ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून जो अभ्यास मांडला, तो सांगतो की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. चौदा तासांच्या हिशेबाने ५५ चा आकडा चौथ्या दिवशीच ओलांडला जातो. त्याच श्रम संघटनेच्या १९७९ च्या करारात वाहनचालकासाठी दिवसाला जास्तीत जास्त ९ तास ड्रायव्हिंग आणि सलग १० तास विश्रांती असं लिहिलं आहे. सगळ्या देशांनी तो मान्य केलेला नाही, पण मर्यादा कुठे असावी हे त्यातून कळतं. भाचा म्हणतो, "त्यातले चार तास तर नुसता थांबलेला असतो." गाडीवर बसून, मोबाईल हातात धरून, पुढच्या घंटीची वाट बघणं ही विश्रांती नाही. आणि चौदा वजा केल्यावर उरलेल्या दहा तासांत घरी पोचणं, अंघोळ, जेवण, घरच्यांशी दोन शब्द बसवायचे, तर झोपेचे पाचच उरतात. म्हणूनच त्या मेसेजला झोप ही 'सवय' ठरवावी लागली.

सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपलं की बरं वाटतं, हे खरं. पण सहा दिवसांची तूट एका दिवसात भरत नाही. आणि तो एकच दिवस घरच्यांच्या वाट्याचा असतो.

मेसेज वाचून झाल्यावर मी त्याला लगेच फोन केला. बारा वाजून गेले होते. मागून हॉर्न ऐकू येत होते. म्हणाला, "शेवटची एक राहिलीये, मामा." दुसऱ्या दिवशी दोघांनी बसून ठरवलं: रात्री अकराला लॉगआउट, दुपारी गाडी बाजूला लावून वीस मिनिटं डोळे मिटायचे, आणि बाटली रिकामी करूनच घरी यायचं. पहिल्या आठवड्यात अकराची वेळ तीन दिवस पाळली गेली. बाटली रोज.