शेठचा फोटो लावला, बायांचं काय?

आज बसस्टँडवरून येताना जुन्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीवर भला मोठा फ्लेक्स दिसला. ‘आपल्या गावाचा इंग्रजकालीन वारसा’. मधोमध पगडीतले जिनाचे मालक शेठ, खाली हात जोडलेले चार पुढारी. डोकं असं सणकलं की गाडी बाजूला लावून अख्खा वाचून काढला. एवढ्या लांबरुंद कापडावर तिथं राबलेल्या एकाही माणसाचं नाव नाही.

माझी आजी या जिनात रेजा, म्हणजे मजूर बाई, होती. दसऱ्यानंतर जिन सुरू झालं की मी तिचा डबा घेऊन गेटवर जायचो. चौकीदार आत सोडायचा नाही. सुट्टी झाली की बायांचा घोळका बाहेर यायचा, सगळ्या डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या, तोंडाला पदर बांधलेला. त्यात आजी कोणती, कळायचंच नाही. तीच हाक मारायची.

आणि इतिहासच सांगायचा तर पुरा सांगा ना. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग साहेबांना आमची काळी जमीन दिसली. 1867 ला रेल्वे नागपूरला पोचली, 1870 ला जलंबवरून खामगावला फाटा निघाला, पुढच्याच वर्षी बडनेऱ्यावरून अमरावतीला. गाडी काय आमच्या आजा-पणजाला फिरवायला आणली होती? कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरात न्यायच्या होत्या! जिनं आली ती त्या रुळांच्या मागोमाग.

शेठनं पैसा घातला, यंत्रं आणली. मान्य. पुढं?

त्या यंत्रांपुढं बसून कापूस कोण घालत होतं? एक क्विंटल कापसातून निघते 34-35 किलो रुई, बाकी सरकी. म्हणजे आजची 170 किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस हातांखालून जातो. त्यातलं तूस आजीच्या छातीत बसलं. रात्ररात्र खोकायची. मी एकदा विचारलं, “आजी, शेठ कसा होता वं?” म्हणाली, “मले का मालूम बाप्पा, आमाले तं मुकादमच दिसे.”

मग 1972 ला एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, आणि याच आवारात सरकारी काटा लागला. बंड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत. बैल सोडून लोक बंडीखालीच झोपायचे, त्यांच्यासाठी चहा-भज्यांच्या टपऱ्या लागल्या, अन् त्याचाच आज आपला मेन रोड झाला आहे. आमचा बापही त्या रांगेत असायचा. कापसाला ग्रेड सुपर लागला की त्याखालचा एफएक्यू, यावर घरातलं लग्न ठरायचं. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, येईपर्यंत किराणा उधार.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. फ्लेक्स लावणारी पोरं ओळखीची आहेत, वाईट नाहीत. त्यांनी जिन पाहिलं ते मंडपवाल्याचं गोदाम झाल्यावरच. पण विचारायला काय झालं होतं? त्या घोळक्यातल्या दोघी-तिघी अजून आमच्याच वॉर्डात ओसरीवर बसलेल्या असतात.

आता म्हणे तिथं कॉम्प्लेक्स होणार, अन् त्याला नावही शेठचंच. मी डबा घेऊन उभा राहायचो त्या गेटपाशी पार्किंग. व्वा रे बापा! होऊ द्या, पोरांना दुकानं लागतात, तेही खरंच. पण ज्यांची आई, आजी, आत्या या जिनात हजेरीवर होती, त्यांनी खाली नावं लिहा. यादी मी स्वतः नगर परिषदेत नेऊन देतो. ‘कायले जुनं उकरता’ म्हणणाऱ्यांनी कमेंट करू नये. सरळ घरी या, समोरासमोर भांडू.