मंडळं बंद करून मैत्री होत नाही

कॉलेजातली भाषावार मंडळं बंद करा, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. मराठी वाङ्मय मंडळ, गुजराती मंडळ, तमिळ मुलांचा गट, ईशान्येकडच्या विद्यार्थ्यांचा गट, हे सगळं गुंडाळून एकच सांस्कृतिक समिती करावी, म्हणजे मुलं एकमेकांत मिसळतील, असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. आमच्याकडेही यंदा हा प्रस्ताव आला आहे. मी मुंबईतल्या एका कॉलेजात मराठी शिकवते आणि मंडळाचं काम बरीच वर्षं बघते. बैठकीत मी विरोध केला. पण तिथे पाच मिनिटांत सगळं मांडून होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी हे बघा की ‘ही मुलं आपापसातच राहतात’ ही तक्रार नेमकी कुणाबद्दल होते. कँटीनच्या एका टेबलावर मिझोराम-मेघालयची चार-पाच मुलं बसली की ती लगेच डोळ्यांवर येतात. शेजारच्या टेबलावर एकाच शाळेतून, दोन-तीन सोसायट्यांमधून आलेली, आपसात फक्त इंग्रजी बोलणारी डझनभर मुलं रोज बसतात. त्यांना कुणी गट म्हणत नाही, कारण ती म्हणजेच कॉलेज असं सगळ्यांनी धरून चाललेलं असतं. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना ‘व्हर्नॅक’ म्हणायची पद्धत या शहरातल्या कॉलेजांत होती, अजून पुरती गेलेली नाही. उद्या मंडळं बंद झाली, तर फक्त ज्यांचं नाव फलकावर लिहिलेलं आहे ते गट जातील. ज्यांना नावाची गरजच पडत नाही ते तसेच राहतील.

नांदेडहून आलेला एक विद्यार्थी मला आठवतो. पहिल्या सत्रात वर्गात त्याने तोंड उघडलं नाही. मंडळाच्या अभिवाचनाला आला, तिथे मात्र त्याने असं वाचलं की मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा अर्थशास्त्राच्या तासाला, मोडक्या इंग्रजीत का होईना, शेतमालाच्या भावावरून वर्गाशी भांडत होता. ज्यांच्याशी भांडला तेच पुढे त्याचे मित्र झाले. आपण जिथे कुणीतरी असतो अशी एक जागा त्याला आधी मिळाली, म्हणून तो बाकीच्या जागांवर जाऊ शकला. हे मी एकदा नाही, दरवर्षी पाहते.

दुसरी आठवण मार्च २०२०ची. त्या दिवसांत देशभर ईशान्येकडच्या मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हिणवलं जात होतं. आमच्या मेघालयच्या एका विद्यार्थिनीला लोकलमध्ये बायकांनी शेजारी बसू दिलं नाही. तिने ते मला सांगितलं नाही, वर्गातल्या मैत्रिणींनाही सांगितलं नाही. आपल्या गटातल्या तिसऱ्या वर्षाच्या ताईला सांगितलं आणि ती ताई तिला हाताला धरून स्टाफरूमपर्यंत घेऊन आली. तो गट नसता तर ही गोष्ट आमच्यापर्यंत पोचलीच नसती, आणि आम्ही आपले सगळं छान चाललंय या समजात राहिलो असतो.

आपल्या शहराला यात नवीन काही नाही. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. सोसायटी एक, पण तिच्या ज्ञानप्रसारक सभा दोन, मराठी आणि गुजराती, कारण नवं ज्ञान घरच्या भाषेत न्यायचं होतं. मराठी सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते, गुजराती सभेमागे दादाभाई नौरोजी. प्रत्येकाने आपल्या भाषेत निबंध वाचले, व्याख्यानं दिली. आणि १८४९ साली याच तरुणांनी मिळून मुलींच्या शाळा उघडल्या, मराठी मुलींसाठीही आणि पारशी मुलींसाठीही. सुरुवातीला ते स्वतःच विनावेतन शिकवायला जात. सभा वेगळ्या होत्या म्हणून काम वेगळं झालं नाही.

याच्याही पेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते बाबासाहेबांचं उदाहरण. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला गेले. विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये थोडे दिवस राहिले, मग कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. नाव कॉस्मोपॉलिटन असलं तरी ती काही भारतीय विद्यार्थ्यांनी चालवलेली राहण्याची जागा होती. परक्या देशात पोचलेल्या माणसाने आधी आपल्या माणसांत जावं हे किती साहजिक आहे! तिथून ते लिव्हिंगस्टन हॉलमध्ये राहायला गेले, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांच्या मदतीबरोबर भथेनांनी दिलेलं कर्जही कामी आलं. आणि याच्या मध्ये, १९१७ साली, बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं होतं. समाज तोच, पारशी. एकीकडे एकाच छपराखाली अभ्यास करणारा मित्र, दुसरीकडे आडनाव आणि जात विचारणारा जमाव. भथेनांशी मैत्री झाली ती कुठल्या स्नेहसंमेलनात सर्वधर्मसमभावाची शपथ घेऊन नव्हे. रोजच्या राहण्याने झाली.

माझं म्हणणं एवढंच आहे. मंडळ असावं, ते मुलांना पाय रोवायला जागा देतं. पण मैत्री मंडळं ठेवून होत नाही आणि काढूनही होत नाही. ती होते एका खोलीत राहून, एका कामात अडकून, एकमेकांवाचून काम अडतं तेव्हा. ते काम कॉलेजने उभं करायचं असतं, आणि नेमकं तेच आम्ही करत नाही.

माझ्या विरुद्ध जाणारा पुरावा आहे, तोही सांगते. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जिम सिडॅनियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीचा प्रवेशापासून काही वर्षं पाठपुरावा केला आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. वांशिक संघटनांत गेलेल्या अल्पसंख्य मुलांमध्ये ‘आमच्यावर अन्याय होतो’, ‘त्यांचं भलं म्हणजे आमचं नुकसान’ ही भावना वाढलेली दिसली. मंडळं नकोत म्हणणारे इथेच थांबतात. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग असा की गोऱ्या मुलांच्या ज्या फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी असतात, म्हणजे निवडून सदस्य घेणारे मुलांचे आणि मुलींचे क्लब, त्यांतही तसाच परिणाम दिसला. पुढे ज्युली पार्क यांनी २०१४ साली वेगवेगळ्या कॉलेजांची माहिती तपासली, तेव्हा वंशापलीकडची मैत्री कमी असण्याशी फ्रॅटर्निटी-सोरॉरिटीचा आणि धार्मिक गटांचा संबंध दिसला, वांशिक मंडळांचा तसा दिसला नाही. म्हणजे प्रश्न फलकावरच्या नावाचा नाही. आत कोण येऊ शकतं आणि आतली मुलं बाहेर किती पडतात, याचा आहे.

माझा भाचा सध्या अमेरिकेत शिकतो. तो मागे म्हणाला, “मावशी, मुंबईत मी मराठी होतो, इथे इंडियन झालो, आणि क्रिकेटच्या दिवशी तर साउथ एशियन असतो.” तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात त्याचा जिवलग मित्र विजयवाड्याचा आहे, आणि मॅच बघायला लाहोरचा मुलगा त्यांच्यातच येऊन बसतो. मुंबईत असताना तेलुगू बोलणारा एकही मुलगा त्याच्या ओळखीचा नव्हता. मंडळाची कड कुठे आखायची हे माणसंच ठरवतात, आणि ती सरकवताही येते.

आता आपल्या मराठी मंडळाकडे वळते, कारण दुसऱ्यांना शिकवण्याआधी घरचं बघायला हवं. मराठी मंडळ म्हणजे एकजिनसी मराठी मुलं, ही समजूतच खोटी आहे. वर्सोव्याची कोळ्यांची मुलगी येते, वसईचा सामवेदी ख्रिस्ती मुलगा येतो, पनवेलकडची आगरी मुलं येतात, मालवणी बोलणारी येतात. एका वर्षी मुंब्र्याहून उर्दू माध्यमात शिकलेली मुलगी आली. तिची आजी रत्नागिरीची, घरात कोकणी मुसलमानांची बोली. ती दाराशी उभी राहून विचारत होती, “मॅडम, मी आत आले तर चालेल ना?” आपल्याच भाषेच्या दाराशी मुलीला परवानगी मागावी लागते, याचा मला फार त्रास झाला. आणि आत आल्यावर आम्ही काय करतो? वक्तृत्वाच्या तयारीत पहिल्या दिवसापासून उच्चार सुधारायला लागतो. दादर-पार्ल्याच्या मराठीला शुद्ध म्हणायचं आणि वसईच्या मुलाचा सूर घोटून काढायचा. त्या वर्षी मंडळाच्या मुलांनीच ठरवलं की अभिवाचन आपापल्या बोलीत करायचं. मुंब्र्याच्या मुलीने आजीकडून ऐकलेली गोष्ट सांगितली आणि वसईचा मुलगा उडालाच, कारण त्यातले कितीतरी शब्द त्याच्या घरात होते. ती दोघं पुढे तीन वर्षं एकत्र भित्तिपत्रक काढत होती. मंडळ रद्द करून एकच समिती केली असती, तर ही दोघं कुठे भेटली असती? त्या समितीत सूत्रसंचालन इंग्रजीत असतं आणि नाचाची गाणी हिंदी.

काम मैत्री कशी घडवतं, हे एकांकिकेच्या दिवसांत बघावं. तालीम उशिरापर्यंत चालते. आमच्या मराठी एकांकिकेची प्रकाशयोजना एका वर्षी सायनच्या तमिळ मुलाने केली, ढोलकी वाजवायला गुजराती मंडळातला मुलगा आला. भाषा न कळणाऱ्या मुलाला दिवा कधी मंद करायचा हे कळायला संपूर्ण संहिता समजून घ्यावी लागते. नटी त्याला प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगत बसली होती. मग शेवटच्या लोकलसाठी सगळ्यांची धावपळ. त्या डब्यात ज्या गप्पा होतात त्यांची जागा कुठलंही ‘विविधता सप्ताह’ नावाचं व्याख्यान घेऊ शकत नाही.

याला चांगला आधारही आहे. मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. चिठ्ठी टाकावी तसं काहींना मिश्र जातींच्या संघात घातलं, काहींना एकाच जातीच्या. जे एका संघात खेळले त्यांच्यात जातीपलीकडची मैत्री वाढली. जे समोरासमोर प्रतिस्पर्धी म्हणून आले त्यांच्यात उलट घटली. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडलं होतं की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीचा दर्जा, सामायिक ध्येय, सहकार्य आणि संस्थेचा पाठिंबा लागतो. आणि आम्ही कॉलेजात काय करतो? वर्षातून एकदा मंडळांची आपसात स्पर्धा लावतो. गुजराती मंडळाचा गरबा विरुद्ध मराठी मंडळाची लावणी, परीक्षक, गुण, करंडक. नंतर म्हणतो, मुलं मिसळत का नाहीत.

वसतिगृहांचंही तेच. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गोऱ्या मुलांना कृष्णवर्णीय खोलीसोबती चिठ्ठी टाकावी तशा वाटणीतून मिळाले, तेव्हा त्या जोड्या एकमेकांवर कमी खूश होत्या, एकत्र वेळही कमी घालवत होत्या. तरीही एका सत्रात गोऱ्या मुलांच्या मनातला पूर्वग्रह कमी झाल्याचं नॅटली शुक आणि रसेल फाझिओ यांना आढळलं. सहवास सुखाचा नसला तरी काम करतो. आपल्याकडे मात्र ‘पोरांना सोयीचं पडेल’ म्हणून एका गावाची, एका खाण्याची मुलं एका खोलीत देतात. २०२३ साली पवईच्या आयआयटीत मेसमधल्या शाकाहारी टेबलांवरून वाद झाला, तो आठवा. तुम्हाला काय आवडतं त्यासाठी एकत्र जमणं आणि दुसऱ्याने शेजारी बसू नये म्हणून टेबल राखणं, या दोन गोष्टी मला एका तागडीत टाकता येत नाहीत. पहिलीला माझा पाठिंबा आहे, दुसरीला कधीही नाही.

मुंबईत बहुतेक मुलं संध्याकाळी घरी जातात, त्यामुळे खोलीची जागा इथे प्रॅक्टिकलची जोडी घेते. हजेरीपटावर शाह, शेख, शर्मा, शेट्टी एकापाठोपाठ येतात, आणि विज्ञान शाखेतल्या कितीतरी जन्माच्या मैत्र्या निव्वळ या क्रमाने जमवल्या आहेत. आमच्या कला शाखेत प्रॅक्टिकल नाहीत. प्रकल्पाचे गट मुलं स्वतः पाडतात, आणि अर्थातच ओळखीच्यांत पाडतात.

प्रस्तावावर पुढच्या महिन्यात पुन्हा चर्चा आहे. मी लेखी मागणी देणार आहे: मंडळं राहू द्या, प्रत्येक मंडळाचं सदस्यत्व सगळ्यांना खुलं ठेवा, मंडळामंडळांतली स्पर्धा बंद करून वर्षातून एक तरी नाटक किंवा अंक दोन मंडळांनी मिळून काढायचा असं ठरवा, आणि पहिल्या वर्षाचे प्रकल्प-गट शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून पाडावेत. मराठी-तमिळ जोडअंकासाठी आमची मुलं तयार आहेत, तमिळ मजकूर जुळवणारं कुणी हवं आहे. माटुंगा-सायन भागातलं कुणी मदत करू शकत असेल, किंवा तुमच्या कॉलेजात असं काही चाललं असेल, तर जरूर कळवा. मला ते बैठकीत मांडता येईल.